नाम्बेवेने उलटा नेसलेला राष्ट्राध्यक्ष

आमच्या देशाला दोन राष्ट्राध्यक्ष आहेत. एक राजधानीत, लिलोंग्वेत राहतो आणि दुसरा लंडनच्या वर्तमानपत्रात. दोघांची आपसांत ओळख असावी असं मला तरी कधी वाटलं नाही.

मी हे अधिकाराने बोलतो, कारण झोंबाच्या बाजारात वर्तमानपत्रं विकणारा मी एकटाच. आपली वर्तमानपत्रं सकाळच्या बसने ब्लँटायरहून येतात, ती मी ताजी विकतो. परदेशी मात्र किलोवर विकतो. विमानात कुणी वाचून टाकलेली, हॉटेलांनी बाहेर काढलेली, मायदेशी परत गेलेल्या एखाद्या गोऱ्याच्या घरातून निघालेली. बाजारातल्या बाया त्यांत मासे आणि मांडासी, म्हणजे पिठाचे तळलेले गोड गोळे, बांधून देतात. परदेशी वर्तमानपत्राचा एक गुण मान्य केलाच पाहिजे, तळलेल्या मांडासीचं तेल त्याचा कागद फार छान टिपतो.

गिऱ्हाईक नसलं की मी ती वाचत बसतो. त्यामुळे लंडनमधल्या आमच्या राष्ट्राध्यक्षाचं आयुष्य मला पाठ आहे. निवडून येतो तेव्हा त्याचा फोटो खालून काढलेला असतो, मागे मोकळं आभाळ, आणि तो ‘आशेचा नवा चेहरा’ असतो. दुसऱ्या वर्षी ‘चिंता व्यक्त होऊ लागते’. कोण व्यक्त करतं ते लिहिलेलं नसतं. त्यानंतर त्याचं तोंड एकाही फोटोत मिटलेलं सापडायचं नाही. बिचारा जांभई देत असेल, नाहीतर घास घेत असेल, पण खाली लिहिलेलं असतं ‘गर्जना करताना’. शेवटी शेवटी फोटो पाठमोरा, आणि मथळ्यात ‘सावली’ हा शब्द ठरलेला. मी आजवर जेवढे राष्ट्राध्यक्ष पाहिले तेवढ्यांच्या कपाळी हेच लिहिलेलं होतं. त्यांतले काही खरंच गर्जना करणारे होते, नाही असं नाही. पण ते लंडनला कळायच्या कितीतरी आधी आमच्या बाजाराला मिठाच्या भावावरून कळलेलं असायचं.

असो. मला सांगायचंय ते फालेसी नाम्बेवेबद्दल, जी या दोन राष्ट्राध्यक्षांच्या मधे सापडली.

बस डेपोच्या फाटकाला लागून, बाजारात शिरताना पहिलीच जागा नाम्बेवेची, आणि तिच्या शेजारी माझी. ती उसिपा तळते, म्हणजे तळ्यातले बोटभर मासे, आणि जोडीला मांडासी. अंगाने भरलेली, एका गुडघ्याने अधू, आणि आवाज असा, की तिने फाटकातून ‘उसिपाऽऽ’ म्हटलं की पलीकडच्या बसमध्ये झोपलेला माणूस उठून खिसे चाचपायला लागतो. नवरा केव्हाच गेला. घरी डोळे गेलेली आई आणि शाळेत जाणाऱ्या दोन नाती, आणि चौघींचं पोट त्या फाटकाजवळच्या जागेवर. फाटकातून शिरणारा माणूस भुकेलेला असतो. तोच माणूस बाजाराच्या मागच्या टोकाला, नाल्याकाठी पोचेपर्यंत दहा ठिकाणी खाऊन तृप्त झालेला असतो. एवढा साधा हिशेब आहे.

ती जागा तिला मिळाली होती गळ्यामुळे. राष्ट्राध्यक्ष गावात आला की बायांनी नाचायचं, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. गाडीतून त्याचा पाय जमिनीला लागला की गाणं सुरू झालंच पाहिजे. नाम्बेवे हाक द्यायची आणि बाकीच्या झील धरायच्या. हाक आल्याशिवाय झील धरायची नाही, हा नियम आमच्या पणज्यांच्याही आधीचा. बाजार समिती नेहमीच सत्तेतल्या पक्षाची असते, आणि जी हाक देते तिला समिती फाटकाजवळ बसवते. नाम्बेवे कित्येक वर्षं हाक देत होती. मधे पक्ष आले नि गेले, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

“नाव बदलायचं, चाल तीच,” ती म्हणायची. “खुर्ची रिकामी नसते ना? मग झालं तर.”

आता कापडाबद्दल सांगतो. या वेळी पक्षाने जांभळं चितेंजे वाटलं. चितेंजे म्हणजे बाया कमरेला गुंडाळतात ते कापड. त्यावर राष्ट्राध्यक्षाचं तोंड, परातीएवढं. कापड इतकं पातळ की तोंड दोन्ही अंगांनी दिसायचं. एवढं मोठं तोंड कमरेला गुंडाळलं की ते कुठे ना कुठे येणारच, आणि कुठे आलंय ते आपण बघायचं नाही, असा आमच्याकडे सभ्य माणसांचा रिवाज आहे.

दुसरा रिवाज बायांचा. पक्षाचं कापड मिळतं एकदाच, आणि सभा कधी टपकेल त्याचा नेम नाही. म्हणून रोजच्या कामाला ते उलटं नेसायचं. आतली बाजू बाहेर, वरची कड खाली. कढईतलं तेल उडतं ते खालच्या कडेवर. सभेच्या दिवशी कापड फिरवलं की डागाळलेली कड कमरेच्या वळीत लपते आणि राष्ट्राध्यक्ष स्वच्छ तोंडाने लोकांसमोर येतो. नाम्बेवेला हे तिच्या सासूने शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूने. कामाच्या दिवशी आमच्या सबंध बाजारात एकही राष्ट्राध्यक्ष सुलटा नसतो, आणि त्यात कुणालाही कधी काही दिसलं नव्हतं.

मग पाहुणा आला. राष्ट्राध्यक्षाचं दुसरं वर्ष चालू होतं, म्हणजे चिंतेचं, त्यामुळे कुणीतरी येणार हे मला ठाऊकच होतं. तरुण होता, उन्हाने नाक भाजलेलं, आणि अंगात इतक्या खिशांचं जाकीट की पेन कुठल्या खिशात आहे हे त्यालाही सापडेना. ब्लँटायरहून त्याने मेडसन नावाचा ड्रायव्हर गाडीसकट भाड्याने घेतला होता, आणि तोच दुभाष्या.

“अमायी,” मेडसन नाम्बेवेला म्हणाला, आमच्याकडे मोठ्या बाईला असंच ‘आई’ म्हणतात, “पाहुणे विचारतायत, राष्ट्राध्यक्षाबद्दल तुमचं मत काय?”

नाम्बेवे उसिपा उलथत होती. “मत? त्याला सांग, तो आमचा बाप आहे. बापाबद्दल मत नसतं रे, बापाकडे मागणं असतं. तेल महाग झालंय. गुडघा दुखतोय. मांगोचीहून मासे उशिरा येतात, आणि येतात ते निम्मे मांजराने तोंड फिरवावं असे. पण तो झोंबाला येऊ तर दे! अशी हाक देईन की पठारावरची माकडं खाली उतरतील नाचायला. आणि ह्याला विचार, मासे घेणार की नुसती तोंडाची वाफ?”

एवढं बोलून तिने झटकन मागे वळून पाहिलं, कारण मागे एक बकरी मांडासीच्या टोपलीत तोंड घालत होती.

मेडसनला पैसे दिवसावर मिळत होते, शब्दांवर नव्हे. तो म्हणाला, “ती म्हणते, जगणं कठीण आहे.”

पाहुण्याने ते लिहून घेतलं. मासे घेतले नाहीत. जाताना मात्र नाम्बेवे बकरीला हाकायला उठली तेव्हा त्याने तिचा पाठमोरा फोटो काढला.

काही दिवसांनी तो फोटो सगळ्या झोंबाच्या फोनवर आला. मागून नाम्बेवे, आणि तिच्या बसायच्या जागेवर राष्ट्राध्यक्ष, खाली डोकं वर हनुवटी. मथळा होता ‘उलटा राष्ट्राध्यक्ष : बाजारातल्या बायांचं मूक बंड’. आत लिहिलं होतं, ‘“जगणं कठीण आहे,” भीतीने मागे वळून पाहत ती कुजबुजली.’ नाम्बेवे आणि कुजबुज! ही बाई प्रार्थनेत देवाशी खासगी बोलते तेही रस्त्यापलीकडे ऐकू येतं. बकरीचा उल्लेख कुठेच नव्हता.

तिथून पुढे राईचा पर्वत व्हायला वेळ लागला नाही. परदेशी वर्तमानपत्रं एकमेकांची वाचून लिहितात, आमच्या बाया एकमेकींचं बघून मीठ घालतात तशी. बर्लिनच्या कागदात ती ‘चळवळ’ झाली. न्यूयॉर्कला पोचेपर्यंत ‘हजारो स्त्रिया’ झाल्या. एका विद्वानाने तर समजावून सांगितलं, की आमच्या चेवा लोकांत प्रमुखाचा चेहरा उलटा करणं हा प्राचीन शाप आहे. मी आमच्या गावच्या म्हाताऱ्या प्रमुखाला विचारलं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “असेल बाबा. मला कुणी सांगितलं नव्हतं. आता ही पक्षाची तोंड छापलेली टोपी रात्री कुठल्या बाजूने ठेवू?”

आमच्या सरकारचीही एक रीत आहे. परदेशी वर्तमानपत्राने वाईट लिहिलं की ते गोऱ्यांचं कारस्थान. चांगलं लिहिलं, की ते चार दिवस सरकारी रेडिओच्या बातम्यांत. या खेपेला प्रवक्ता रेडिओवर ठणकावून म्हणाला, की देशात एकही चितेंजे उलटं नेसलं जात नाही. मी रेडिओ ऐकत बाजाराकडे पाहिलं. मांडासीवाल्या, टोमॅटोवाल्या, कोंबड्यावाल्या, सगळीकडे जांभळे राष्ट्राध्यक्ष शीर्षासन करत होते.

दुसऱ्या दिवशी पक्षाच्या जिल्ह्याच्या अध्यक्षीण मायी कपेनी मोटारीतून उतरल्या. त्यांना बघताच नाम्बेवेने पुसलेलं स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

“नाम्बेवे, हे काय करून ठेवलंस?”

“मी काय केलं अमायी? मी मासे तळले.”

“पेपरात तुझं बूड आलंय. त्यावर साहेब उलटे.”

“म्हणजे जपून ठेवलेत मी त्यांना! तेल उडतं ना. तुम्ही नाही का घरी स्वयंपाकाला तसंच नेसत? मागच्या ईस्टरला मी तुमच्याकडे कोंबड्या साफ करायला आले होते, तेव्हा तुमच्याही—”

“हळू बोल!” मायी कपेनींनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “अगं, मला ठाऊक आहे. मला काय ठाऊक नाही? पण लंडनला ठाऊक नाही.”

“मग लंडनला सांगा की.”

“लंडन आपलं ऐकतं का?”

“मग तुम्ही लंडनचं का ऐकता?” मी न राहवून मधे तोंड घातलं.

“बिनवेल, तू कागद वीक,” मायी कपेनी म्हणाल्या. “हे बघ नाम्बेवे. महिनाअखेर साहेब झोंबाला येतायत. डेपोतल्या नव्या संडासांचं उद्घाटन आहे, बाहेरच्या मदतीने बांधलेत, म्हणजे बाहेरचे पेपरवालेही येणार. हाक एलिडा देईल. आणि हाक तिची तर फाटकही तिचं. त्या पेपराने स्वतःचं लिहिलेलं मागे घेतलं, तर बघू.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. एलिडा कोबी विकते. बाई चांगली, पण आवाज इतका बारीक की कोबीसुद्धा गिऱ्हाईक स्वतः येऊन शोधतं. समितीच्या माणसांनी नाम्बेवेची चूल, कढई, टोपली उचलून नाल्याकाठी नेऊन ठेवली. मला वाटलं होतं, ती ओरडेल आणि डेपो हलेल. ती नुसती कढईच्या मागून लंगडत गेली. मला भयंकर राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी त्या दिवशी लंडनचा सगळा गठ्ठा निम्म्या भावात फुंकून टाकला.

विरोधी पक्षवाले मात्र खूश होते. त्यांच्या दोन तरण्या पुढाऱ्यांनी नाल्याकाठी येऊन तिला ‘क्रांतीची माता’ म्हटलं आणि आपल्या पक्षाचं नवं कोरं चितेंजे दोन्ही हातांनी पुढे केलं. नाम्बेवेने ते उलगडून पाहिलं.

“ह्याच्यावर पण तोंडच आहे की.”

“आमच्या नेत्याचं आहे, अमायी.”

“मग तेल उडेल तेव्हा ह्याला कुठे लपवू? जा पोरांनो, मासे गार होतायत.” त्यांनी चार लोकांत ऐकू जाईल असं काहीतरी भाषण सुरू केलं तेव्हा तिने झारा उचलला, आणि क्रांती पळाली.

पण नाल्याकाठी विक्री होईना. संध्याकाळी निम्मी टोपली तशीच घरी परत जाऊ लागली. मासे शिळे झाले की दुसऱ्या दिवशी तेही घरचेच खातात. नाती उसिपा बघून तोंड फिरवू लागल्या. एका दुपारी नाम्बेवे माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ती मला ‘आचिमवेने’ म्हणते, म्हणजे भाऊ.

“आचिमवेने, त्या पोराला बोलाव. तू इंग्रजी शिकलायस ना? त्याला नीट सांगू. मेडसन नको, तो माझं एवढं बोलणं चमच्यात भरतो.”

बोलवावं लागलंच नाही. बातमी मोठी झाली होती, त्यामुळे पाहुणा आपणहून परत आला. नाम्बेवे तयारीने बसली. चर्चला जायचा पांढरा ब्लाऊज, आणि कमरेला तेच जांभळं चितेंजे, धुऊन, इस्त्री करून, सुलटं. मी शेजारी बसलो आणि तिचा शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. तेल, कड, वळी, सासू, बकरी, काही सोडलं नाही. तिने उठून कापड फिरवून दाखवलं, पुन्हा सुलटं केलं. तो मान हलवत होता. त्याच्या डोळ्यांत इतकी माया होती, की मला वाटलं, सुटली बाई.

“लिहिलंस ना बाळा?” नाम्बेवेने विचारलं. “सगळं लिहिलंस?”

त्याने सगळं लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात ते छापून आलं. मथळा होता ‘दडपणाखाली माघार’. ‘एकेकाळची धाडसी फालेसी आता राष्ट्राध्यक्षांना सुलटं नेसते. तिला नाल्याकाठी हद्दपार करण्यात आलं आहे. पढवलेलं स्पष्टीकरण ती पुन्हा पुन्हा देत राहिली. तिच्या शेजारी एक धिप्पाड माणूस सतत बसून होता, तिच्या प्रत्येक शब्दावर त्याचा पहारा होता.’

तो धिप्पाड माणूस म्हणजे मी! माझ्या बायकोने ते वाचायला लावलं आणि पोट धरून हसली. मी सरकारी पहारेकरी! ज्या सरकारने माझ्या छपरासाठी पत्रा देतो म्हणून दोन निवडणुका काढल्या, त्याचा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी नाम्बेवेला वाचून दाखवलं तेव्हा ती काही हसली नाही. तिने फक्त विचारलं, “माझं म्हणणं त्याला खोटं का वाटलं रे?” मला तिची फार कीव आली, आणि त्या पोराचीही थोडी. त्याने खरं ते कानाने ऐकलं होतं, पण घरून येतानाच तो दुसरं काहीतरी लिहून घेऊन आला होता.

मग लिलोंग्वेहून नवा हुकूम आला. मायी कपेनी पुन्हा उतरल्या, या वेळी हसत. नाल्याचा वास येत होता तरी स्टुलावर बसल्या आणि मासेही मागवले.

“नाम्बेवे, तुझं नशीब फळफळलं. हाक तुझी. फाटक तुझं. आजच चूल हलव.”

नाम्बेवेने छातीवर हात ठेवला. “देव तुमचं भलं करो अमायी. मला ठाऊक होतं, साहेबांना कळेल.”

“फक्त एवढंच, की त्या दिवशी उलटं नेसायचं.”

“काय?”

“तू आणि गटातल्या सगळ्यांनी. परदेशी लोक म्हणतायत ना, की आपण तुला दडपलं? मग त्यांना दिसू दे, की इथे बायांना हवं तसं नेसायचं स्वातंत्र्य आहे. वरून सक्त हुकूम आहे. जी सुलटं नेसेल तिला ओळीतून काढायचं.”

नाम्बेवेने झारा कढईवर टेकवला. “साहेब येणार, आणि मी त्यांच्यासमोर त्यांनाच खाली डोकं वर पाय करून नाचू?”

“स्वातंत्र्य आहे ते.”

“मला नको. अमायी, उलटं ते घरी, तेलापाशी. पाहुण्यासमोर सुलटं. माझ्या सासूने मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलंय. मला बंडखोर म्हणाले, मी ऐकलं. भित्री म्हणाले, ऐकलं. आता खरोखरीची बेअदबी करायला सांगताय, ती माझ्याने होणार नाही.”

“फाटक जाईल कायमचं. पोरींचा विचार कर.”

“त्यांचाच करतेय. त्याही उद्या नेसणार आहेत.”

मायी कपेनी उठल्या. मासे घेतले, पैसे द्यायचं राहून गेलं.

तो दिवस उजाडला. संडासांना फुलांची तोरणं लागली. डेपोच्या मैदानात बायांची ओळ उभी राहिली, सगळ्या जांभळ्या, सगळे राष्ट्राध्यक्ष उलटे. पुढे एलिडा. परदेशी पाहुणे कॅमेरे घेऊन दोरीच्या पलीकडे, त्यांत आमचं भाजलेलं नाकही. मी माझ्या जागेवरून बघत होतो. नाम्बेवे बाजाराच्या पार मागे, नाल्याकाठी, कढई पेटवून बसलेली. ती आली नव्हती. सकाळी मी तिकडे डोकावलो तेव्हा अंगावर मात्र चितेंजे होतं, इस्त्री केलेलं, सुलटं. मासे तळताना तिने ते प्रथमच तसं नेसलं असेल.

मोटारी आल्या. दार उघडलं. राष्ट्राध्यक्षाचा पाय जमिनीला लागला आणि गाणं सुरू झालं नाही.

तो दोन पावलं चालला आणि थबकला. ओळीकडे बघून त्याने मान वाकडी केली, मग आणखी वाकडी, आपलंच तोंड वाचायला बघतोय तशी. लिलोंग्वेच्या हुकमाबद्दल त्याला स्वतःला कुणी सांगितलं नसावं. एलिडाने तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. राष्ट्राध्यक्ष वाकड्या मानेने तुमच्या कमरेखाली बघत असेल तर कुणाचा फुटेल? तिने पुन्हा प्रयत्न केला. बाया झील धरायला तोंड उघडून तयार, पण हाकच नाही. डेपोतले कंडक्टरही ओरडायचे थांबले. मायी कपेनींचा चेहरा राखेसारखा झाला होता. पाहुणा उभा, यजमान उभे, आणि मधे ती भयाण शांतता. आमच्याकडे मयतालासुद्धा एवढी शांतता नसते. मला शरमेने जमिनीत शिरावंसं वाटलं.

आणि मग बाजाराच्या मागच्या टोकाकडून, टोमॅटोच्या, कोबीच्या, सुक्या मक्याच्या ओळींवरून, हाक आली.

तिला काय होतंय ते दिसतही नव्हतं. पण मोटारींची दारं लागली आणि गाणं ऐकू आलं नाही, एवढं तिला पुरे होतं. पाहुणा दारात गाण्याशिवाय उभा आहे हे तिला सोसवलं नाही. अशी हाक, की माझ्या अंगावर काटा आला, आणि हो, डोळ्यांतून पाणीही आलं, लपवत कशाला बसू? ओळ एकदम हलली. झील उठली. पाय आपटायला लागले, धूळ उडाली, उलटे राष्ट्राध्यक्ष डुलायला लागले. खरा राष्ट्राध्यक्षही हसला आणि मान सरळ करून दोन पावलं नाचला. नाल्याकाठून हाक येत राहिली आणि डेपोतून झील जात राहिली. मधे अख्खा बाजार उभा होता.

संध्याकाळी मायी कपेनी नाल्याकाठी आल्या, एकट्याच, चालत.

“आज तू आमची लाज राखलीस,” त्या म्हणाल्या. “म्हणून ही जागा तुझ्याकडे राहू देते. फाटक विसर, हुकूम मोडलास तू. आणि कान उघडे ठेवून ऐक. परत कुठल्या पेपरात दिसलीस, तर हा नालाही विसर. मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

नाम्बेवेने मान डोलावली. तिने त्यांना मासे बांधून दिले. या खेपेला त्यांनी पैसे दिले.

लंडनचा तो अंक माझ्याकडे बऱ्याच दिवसांनी आला, विमानातल्या गठ्ठ्यातून. मी तो घेऊन नाल्याकडे गेलो. मोठा फोटो होता, राष्ट्राध्यक्षाचा, मान वाकडी, तोंड उघडं, ‘गर्जना करताना’.

“वाच,” नाम्बेवे म्हणाली.

मी वाचलं. ‘उद्दाम राष्ट्राध्यक्षासमोर झोंबाच्या स्त्रिया निर्भय मौनात उभ्या राहिल्या.’

“मग पुढे?”

“पुढे नाही काही. मौनापाशीच संपतं.”

“माझ्या हाकेचं नाही लिहिलं?”

“नाही.”

तिला वाईट वाटलं होतं, चांगलंच वाईट, मी ओळखतो तिला. मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, “बरंच झालं. पेपरात नाही म्हणजे जागा राहिली. आण तो कागद, गिऱ्हाईक आलंय.”

तिने कागद मांडीवर पसरला. राष्ट्राध्यक्ष वर आला. ती झाऱ्यात उसिपा घेऊन थांबली. तेलाचे थेंब कागदाच्या खालच्या कडेला पडतात, आणि खालच्या कडेलाच त्याचं तोंड होतं. तिने झारा परत कढईवर धरला आणि दुसऱ्या हाताने कागद हळूच फिरवून त्याला उलटा केला, म्हणजे तेल लागायला नको.

तेवढ्यात मी मान वर केली. नाल्यापलीकडे एक नवी पाहुणी उभी होती, पाठीला पिशवी, नाक अजून भाजायचं होतं. तिचं लक्ष त्या कागदावर होतं आणि तिने फोन डोळ्यांपुढे धरला होता.

मी उठलो. नाम्बेवेच्या आणि त्या फोनच्या मधे जाऊन, दोन्ही हात कमरेवर ठेवून, उभा राहिलो. आहेच मी धिप्पाड.

“बाई,” मी इंग्रजीत म्हणालो, “इथे फोटो काढायला मनाई आहे.”

“कुणाची मनाई?” तिने विचारलं. तिच्या हातात पेन केव्हाच आलं होतं.

“माझी,” मी म्हणालो. “मी इथला पहारेकरी.”